त्वचेला ओलावा देणारी इंजेक्शनं घ्यावीत का? सांगलीकरांसाठी ठरवण्याची रीत

दिवाळी संपून लग्नाची बोलणी सुरू झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक प्रश्न वाढत जातो. "ताई, ते चेहऱ्यात पाणी धरून ठेवणारं इंजेक्शन घ्यावं का?" विचारणाऱ्यांत नवरी मुलगी असते, तिची आई असते, चाळिशी ओलांडलेल्या शिक्षिका असतात, अलीकडे नवरदेवही असतात. कुणाला पार्लरमध्ये पॅकेज सांगितलेलं असतं, कुणी पुण्या-कोल्हापूरच्या क्लिनिकची रील उघडून दाखवतं. सगळ्यांना मी एकच उत्तर देत नाही, पण ठरवायची रीत सगळ्यांना तीच सांगते. यातला बराचसा भाग सुई टोचण्याआधीचा आहे. खुर्चीत बसल्यावर, "आजच घेतलं तर सूट" हे ऐकल्यावर, कुणालाच नीट ठरवता येत नाही.

तक्रार नेमकी काय आहे ते आधी ओळखा

चेहरा उजेडात, काहीही न लावता बघा आणि काय खटकतं ते एका वाक्यात लिहा. "चेहरा चांगला दिसत नाही" हे चालणार नाही. धुतल्यावर ओढल्यासारखं होतं का? गालांवर बारीक रेघा, खरबरीतपणा दिसतो का? गालफडांवर वांग आहे का? डोळ्यांखाली काळं आहे का? मुरुमांचे खड्डे आहेत का? की रंग सावळा आहे, हेच कुणीतरी बोलून दाखवलंय?

हे वेगळं करणं गरजेचं आहे, कारण ओलाव्याच्या या इंजेक्शनचं, म्हणजे ज्याला स्किन बूस्टर म्हणतात त्या पाणी धरून ठेवणाऱ्या पातळ जेलचं, काम मर्यादित आहे. कोरडी, बारीक रेघांची, खरबरीत झालेली त्वचा त्याने काही महिने मऊ आणि नितळ वाटू शकते. वांग त्याने जात नाही. खोल सुरकुत्या, लोंबलेली त्वचा, मुरुमांचे खोल खड्डे यांवरचे उपाय वेगळे आहेत. आणि रंग उजळणं हे त्याचं कामच नाही. उलट आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत सुई टोचलेल्या जागी काही जणांना काळे डाग उठतात, नंतर उन्हात फिरलं तर जास्तच.

मुलगी दाखवायच्या आधी तिच्या चेहऱ्यात सुया घालायच्या, ही कल्पना मला अजिबात पटत नाही. विशी-बाविशीच्या निरोगी मुलीच्या त्वचेत स्वतःचा ओलावा भरपूर असतो. तिच्या रंगावर बोलणाऱ्यांचं तोंड बंद करणारं औषध कुठल्याच कंपनीने काढलेलं नाही. आई-मावशी अशी घाई करत असतील तर त्यांनी एकदा त्या मुलीला एकटीला विचारावं, की तिला स्वतःला हे हवंय का.

सहा ते आठ आठवडे साधी काळजी घ्या

हा टप्पा लोक वगळतात आणि इथेच पैसे वाया जातात. फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत सांगली जिल्ह्यातली हवा कोरडी असते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे तर वर्षाचा बराच काळ तशीच. बोअरचं क्षारांचं पाणी, त्यावर कडक साबण, हिवाळ्यात कढत पाण्याने चेहरा धुणं, दुचाकीवर ऊन आणि वारा, हळदीच्या काढणीत किंवा द्राक्षबागेत दिवसभर काम: एवढ्यातून जाणारी त्वचा कोरडी पडणारच. या कारणांना हात न लावता आत जेल टोचलं, तर वरची त्वचा फुटतच राहते.

चेहरा दिवसातून दोनदाच, कोमट पाण्याने धुवा. साबण सोडा, फेस कमी होणारा सौम्य फेसवॉश वापरा. लिंबू, खाण्याचा सोडा, रोजचं मुलतानी मातीचं लेपण बंद करा, यांनी कोरडेपणा वाढतो. चेहरा पुसून थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. त्यात ग्लिसरीन आणि सिरॅमाइड असेल तर उत्तम. रात्री फार ओढत असेल तर त्यावर व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, पण मुरुमं असतील तर तो टाळा. हायलुरोनिक अ‍ॅसिडचं सीरम वापरत असाल तर ते ओल्या चेहऱ्यावर लावून लगेच वर क्रीम लावा. आपल्या कोरड्या हवेत नुसतं सीरम लावून पंख्याखाली बसलं की चेहरा आणखी ओढतो, हे गिऱ्हाइकांकडून मी पुन्हापुन्हा ऐकते. सकाळी एसपीएफ ३० किंवा अधिकचं सनस्क्रीन, चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांवर बसेल एवढं. बाहेर काम असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असणारं सनस्क्रीन घ्या.

त्याच काळात रक्त तपासून घ्या: थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन आणि साखर. थायरॉइड कमी काम करत असेल तर त्वचा कोरडी, केस रुक्ष आणि चेहरा सुजल्यासारखा होतो. त्याला गोळी लागते, जेल नाही. पाळी जाण्याच्या वयातही त्वचा एकदम कोरडी पडते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ आणि चेहरा कोरडा पडणं हा त्या औषधाचाच परिणाम आहे.

आणखी एक गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही. "गोरं करणारी" तीन औषधांची मिश्र मलमं, ज्यात स्टेरॉइड असतं, ती महिनोन्‌महिने लावलेली असतात. त्वचा पातळ होते, लाल पडते, उन्हात झोंबते, मलम थांबवलं की पुरळ उठतं. २०१८ साली स्टेरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये आणली गेली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत. तरी ती हातोहात फिरतात. असा चेहरा आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून बरा करून घ्यायला हवा, त्याला महिने लागतात. तोवर इंजेक्शनचा विषयच नको.

आठ आठवड्यांनी पहिल्या दिवसासारख्याच उजेडात फोटो काढून शेजारी ठेवा. बऱ्याच जणींचं इथेच समाधान होतं.

आत काय जातं ते समजून घ्या

हायलुरोनिक अ‍ॅसिड आपल्या शरीरातच असतं, आणि त्यातलं जवळपास निम्मं त्वचेत. पाणी धरून ठेवणं हा त्याचा गुण. १९३४ साली कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गाईच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. शरीर ते सतत मोडतं आणि नव्याने बनवतं, त्वचेतला त्याचा मुक्काम जेमतेम एक-दोन दिवसांचा. म्हणून इंजेक्शनसाठीच्या बहुतेक जेलमध्ये त्याच्या साखळ्या बीडीडीई नावाच्या रसायनाने एकमेकींना बांधतात. बांधणी जितकी घट्ट, तितकं जेल टिकतं आणि कडकही होतं. गाल किंवा ओठ भरायचे फिलर जास्त घट्ट असतात. स्किन बूस्टर पातळ असतं, ते त्वचेत बारीक थेंबांनी पसरवतात, चेहऱ्याचा आकार त्याने बदलत नाही.

क्लिनिकमध्ये ऐकू येणारी नावं म्हणजे रेस्टिलेन व्हायटल, जुव्हेडर्म व्होलाइट आणि प्रोफायलो. प्रोफायलोमध्ये बीडीडीई वापरत नाहीत. त्याच्या २ मिलीमध्ये ६४ मिलिग्रॅम हायलुरोनिक अ‍ॅसिड असतं, ते प्रत्येक गालावर पाच ठिकाणी देतात आणि महिन्याने पुन्हा एकदा. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, स्किनवाइव्ह या जेलला गालांची त्वचा नितळ करण्यासाठी मान्यता दिली. ती २१ वर्षांवरच्या प्रौढांसाठी आहे आणि परिणाम सहा महिन्यांपर्यंतचा सांगितला आहे. यावरून अपेक्षा किती ठेवायची ते कळतं: सहा महिने, आणि फरक हळुवार. शेजारणीने ओळखावा एवढा बदल हवा असेल तर निराशा होईल.

"ग्लो इंजेक्शन" किंवा "ग्लो ड्रिप" हे नाव ऐकलं तर मात्र थांबा. त्यात बहुधा ग्लुटाथायोन असतं आणि ते शिरेतून देतात. त्याचा त्वचेच्या ओलाव्याशी संबंध नाही. त्वचा उजळवण्यासाठीच्या कुठल्याही इंजेक्शनला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली नाही. मेसोथेरपी म्हणून जीवनसत्त्वांचं कॉकटेल देतात, त्यात नेमकं काय मिसळलं आहे हे विचारल्यावर लिहून मिळत नसेल तर उठून या. सॅल्मन माशाच्या डीएनएपासून केलेली पॉलिन्युक्लिओटाइडची इंजेक्शनं हा तिसराच प्रकार. माशांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.

कुणी घेऊ नये, कुणी थांबावं

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी घेऊ नये. चेहऱ्यावर पू असलेले मुरुम, नागीण, गजकर्ण किंवा कुठलाही संसर्ग असेल तर तो आधी बरा व्हायला हवा. ओठांवर वारंवार पाण्याचे फोड येत असतील तर सांगा, सुयांनी ते पुन्हा उठू शकतात आणि डॉक्टर आधीपासून गोळी सुरू करतात. पूर्वी कापल्या-टोचल्याच्या जागी जाड वाढलेले व्रण आले असतील, ल्युपससारखा, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार असेल किंवा भूल देण्याच्या लिग्नोकेनची अ‍ॅलर्जी असेल, तर हेही पहिल्याच भेटीत सांगायचं. दातांचं मोठं काम आणि लसीकरण यांच्यापासून साधारण दोन आठवड्यांचं अंतर ठेवलेलं बरं.

हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. चेहऱ्यावर काळं-निळं होऊ नये म्हणून हृदय धोक्यात घालणं याला काही अर्थ नाही. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांनाच विचारा.

कुणाच्या हातून, आणि किती लांब

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. पाटीवर त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल, किंवा प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच ही पदवी बघा. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" हा शब्द म्हणजे पदवी नव्हे, काही आठवड्यांच्या कोर्सनंतरही तो लावता येतो. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असायला हवा, चिठ्ठीवरही हवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. तपासताना संकोच नको. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

पार्लरमध्ये, घरी येऊन किंवा लग्नाच्या हॉलवर इंजेक्शन घेऊ नका. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर रक्ताचं फेशियल, म्हणजे स्वतःच्याच रक्तातला भाग सुयांनी चेहऱ्यात सोडायचा प्रकार, केलेल्या काही स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली, २०२४ मध्ये तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने त्याचा अहवाल दिला. हे जेलचं इंजेक्शन नव्हतं, पण सुई तीच आणि निष्काळजीपणा तोच.

मिरज ही मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. वॉनलेस यांच्या काळापासून दवाखान्यांची पेठ. सांगली-मिरजेत त्वचारोगतज्ज्ञ आहेत, शासकीय रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. निव्वळ निदानासाठी, म्हणजे हा कोरडेपणा आहे की आजार, तिथे केसपेपर काढून दाखवणं सगळ्यात स्वस्त. सौंदर्याच्या इंजेक्शनसाठी मात्र बऱ्याच जणी पुण्याला जातात. जायला हरकत नाही, पण एक हिशोब करा. इंजेक्शन दुपारी तीनला झालं, तुम्ही रात्री घरी विट्याला किंवा तासगावला पोचलात, आणि दहा वाजता गाल दुखून पांढराफटक पडला. त्या वेळी तुम्हाला कोण बघणार? ज्यांनी टोचलं त्यांचा फोन रात्री लागतो का? जवळचा कुणी त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन दुसऱ्याने केलेलं बघायला तयार आहे का? याचं उत्तर आधीच मिळवा. तसं कुणी मिळत नसेल तर रात्री तिथेच नातेवाइकांकडे मुक्काम करा, किंवा जवळच्याच डॉक्टरकडून करून घ्या.

पहिल्या भेटीत विचारायचं

पहिल्या भेटीत फक्त बोलायचं, टोचून घ्यायचं नाही, हे घरून निघतानाच ठरवा आणि सोबत कुणाला तरी न्या. डॉक्टरांनी आधी तुमची औषधं, आजार, जुनी इंजेक्शनं विचारायला हवीत. ती न विचारता थेट पॅकेजचा कागद पुढे आला तर चहा न घेता बाहेर पडा.

मग तुम्ही विचारा. माझ्या त्वचेला हे कशासाठी, आणि नाही घेतलं तर काय बिघडेल? सुई तुम्ही स्वतः टोचणार की असिस्टंट? कुठलं उत्पादन, किती मिली? काही बिघडलं तर हायलुरोनिडेज इथे ठेवलेलं आहे का? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. हायलुरोनिडेज हे जेल विरघळवणारं एन्झाइम आहे. रक्तवाहिनीत जेल अडकलं तर ते तासाभरात हाताशी हवं, मागवून उद्या आणू म्हणून भागत नाही. ते फक्त हायलुरोनिक अ‍ॅसिडवर चालतं, पॉलिन्युक्लिओटाइडवर नाही. संमतीपत्र मराठीत मागा, वाचा, मगच सही.

खोकं तुमच्यासमोर उघडायला सांगा

भारतात ही जेल वैद्यकीय उपकरणांच्या नियमांखाली येतात. बाहेरून आलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, आयातीच्या एमडी-१५ परवान्याचा क्रमांक, एमआरपी, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. नुसती परदेशी भाषा आणि भारतीय स्टिकर नाही, असं खोकं चोरवाटेने आलेलं किंवा बनावट असू शकतं. सील तुमच्या डोळ्यांदेखत तुटलं पाहिजे. एका सिरींजमधलं उरलेलं दुसऱ्या माणसाला, किंवा तुमचंच पुढच्या महिन्यासाठी ठेवलेलं, दोन्ही चालणार नाही.

साठवणुकीचं कुणी बघत नाही. यातल्या बऱ्याच जेलच्या खोक्यावर २५ अंश सेल्सियसपर्यंत ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पार्सल कुठल्या गोदामात पडून होतं कोण जाणे. म्हणून ऑनलाइन स्वतः मागवून डॉक्टरकडे नेऊ नका. डॉक्टरने अधिकृत वितरकाकडून मागवलेलं असावं आणि त्याचं बिल दाखवता यावं.

पैशाचा हिशोब वर्षाचा करा

एका वेळचा खर्च बहुधा पाच आकडी असतो, आणि पहिल्या फेरीत उत्पादनाप्रमाणे एक ते तीन वेळा जावं लागतं. समजा एका वेळचे २०,००० रुपये आणि तीन वेळा, तर ६०,००० झाले. निव्वळ सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्यसेवेची करमाफी मिळत नाही. १८ टक्के जीएसटी वेगळा लावला तर आणखी १०,८००, एकूण ७०,८००. पुढे दर सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं ठरलं तर वर्षाला आणखी ४७,२००. आरोग्यविम्यात हे बसत नाही. भाव विचारताना जीएसटी धरून विचारा, "पर मिली" की "पर सेशन" तेही विचारा. कर्ज किंवा ईएमआयवर हे घ्यायचं असेल तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. दरम्यान थांबवलं तर काय होतं, असंही विचारतात: जेल विरघळून जातं, त्वचा पूर्वीसारखी होते, त्याहून वाईट होत नाही.

तारीख कशी धरायची

लग्न, साखरपुडा, गौरी-गणपती यांच्या तोंडावर पहिल्यांदा कधीही घेऊ नका. काळं-निळं आठ-दहा दिवस राहू शकतं, आणि महिन्याने घ्यायच्या दोन-तीन फेऱ्या धरल्या तर कार्याच्या तीन-चार महिने आधी सुरुवात हवी. तेवढा वेळ नसेल तर या लग्नापुरतं सोडून द्या. द्राक्षाच्या छाटणीत किंवा हळदीच्या काढणीत उन्हातलं काम चालू असेल तर तो हंगाम उरकू द्या.

आठवडाभर आधी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळा. इंजेक्शननंतर त्या दिवशी मेकअप नाही, चोळणं नाही. एक-दोन दिवस जिम, वाफ आणि दारू नाही. फेशियल दोन आठवडे नाही.

नंतर काय चालेल, काय चालणार नाही

टोचलेल्या जागी लाली, हलकी सूज, डासाने चावल्यासारखे उंचवटे एक-दोन दिवस येतात. ते बसतात. दोन आठवड्यांनंतरही हाताला लागणारी गाठ असेल तर दाखवा. आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही, लाल दुखरी गाठ येऊ शकते. तिला पुळी समजून फोडू नका, डॉक्टरकडे जाताना इंजेक्शनचा कागद न्या.

टोचताना किंवा पुढच्या काही तासांत तीव्र कळ, त्वचा पांढरी पडणं, मग निळसर-जांभळी जाळी उमटणं, ही रक्तवाहिनी अडल्याची लक्षणं आहेत. स्किन बूस्टरमध्ये हे क्वचित होतं, पण होऊ शकतं. बर्फ लावू नका, सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना गाठा. डोळ्यापुढे अंधारी, एका डोळ्याने दिसेनासं होणं, तोंड वाकडं होणं असेल तर सरळ मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा आणि चेहऱ्यात हायलुरोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतल्याचं पहिल्या वाक्यात सांगा. तिथे मिनिटं मोजली जातात.

जीएसटीचं पक्कं बिल, संमतीपत्राची प्रत आणि खोक्यातलं बॅच क्रमांकाचं स्टिकर केसपेपरला लावून घ्या, मोबाइलवर त्यांचा फोटो काढा. फसवणूक किंवा निष्काळजीपणा झाला तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ऑनलाइनही, आणि तिथे हेच कागद मागतात. दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरला गाठ दाखवायची वेळ आली तरी आत नेमकं काय आहे हे त्यांना त्या स्टिकरवरूनच कळणार आहे.